इंजिन उठू नये म्हणून

सिग्नल हिरवा झाला, त्यानं नेहमीसारखा पाय अलगद पेडलवर टेकवला आणि कुणीतरी मागून बखोट धरून हलवावं तसा गाडीनं हिसका दिला. गाडीच्या पोटात कुठेतरी लोखंडावर लोखंड आदळलं. गाडी हातभर पुढे गेली, थांबली, पुन्हा हातभर गेली. मागच्या माणसानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. डॅशबोर्डवर पिवळं कासव उगवलं होतं. हे कासव त्याला गाडीच्या पुस्तिकेतून माहीत होतं. ताकद कमी केली आहे, सावकाश कडेला घ्या, असा त्याचा अर्थ. पण कासव दिसण्याच्या आधीच त्याचा हात बाजूच्या सीटकडे आडवा झाला होता, समोर तोल गेलेल्या माणसाला छातीशी अडवावं तसा. सीटवर डब्याची पिशवी होती. ती त्यानं घट्ट धरून ठेवली. "काही नाही, काही नाही झालं," तो म्हणाला, आणि आपण हे पिशवीला सांगतोय हे लक्षात आल्यावरही हात लगेच काढून घेणं त्याला बरं वाटलं नाही. गाडी कडेला लागली. इंजिन बोनेटखाली खोकत, थरथरत चालू राहिलं. स्टिअरिंगमधून ती थरथर त्याच्या मनगटांत, मनगटांतून कोपरांत चढली. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकताना पहिली भावना आली ती चोरी पकडली गेल्याची. उठलं शेवटी, त्याला वाटलं. एवढं जपूनही उठलं.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एक तरुण सल्लागार होती. तिला सर्दी झाली होती, आणि समोरच्या माणसाकडे न बघता टाइप करायची सवय होती. जमिनीवर पिवळे पट्टे आखलेले, काचेपलीकडे गाड्या पोट दाखवत वर टांगलेल्या, आणि काचेच्या अलीकडे दवाखान्यासारख्याच एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या. "काय त्रास आहे गाडीला?" तिनं विचारलं. "सासूबाई उठताना हिसका बसतो," तो म्हणाला. तिची बोटं थांबली. पहिल्यांदाच तिनं मान वर केली आणि त्याच्या खांद्यावरून मागे, दाराकडे पाहिलं. "लागलं का त्यांना कुठे?" तिनं खऱ्या काळजीनं विचारलं. "मागच्या सीटवर होत्या का?" त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "नाही, नाही. इंजिन. इंजिनाला म्हणतो आम्ही." सल्लागार हसली, शिंकली, माफ करा म्हणाली आणि टाइप करू लागली. तो मात्र त्या 'आम्ही'पाशी उभा राहिला. हा शब्द तो इतके महिने कसा टाळत आला होता हे त्याला आत्ता कळलं. दवाखान्यात, दुकानात, शेजाऱ्यांशी बोलताना तो सरळ 'मी' म्हणायचा किंवा वाक्यच फिरवून घ्यायचा. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. या शहरात सासूबाई म्हणजे कोण हे माहीत असलेली माणसं आता दोनच उरली होती, तो आणि त्याची लेक, आणि लेकीनं तो शब्द त्याच्यासमोर कधी काढला नव्हता.

नाव बायकोनंच ठेवलं होतं. गाडी घेतली तेव्हाच ती बरीच चाललेली होती. विकणाऱ्यानं उत्साहानं सांगितलं होतं, की ही दोन्हींवर चालते, घरी चार्ज करा, गावातल्या गावात बॅटरीवर फिरा, लांब जायचं असेल तर पेट्रोल आहेच. पहिल्या दिवशी दोघं बसून निघाली तर गाडीचा आवाजच नाही, नुसती रस्त्याची सळसळ, आणि ती म्हणाली, "अहो, चालू झालीय का, का कुणी ढकलतंय?" मग एका चढावर अचानक इंजिन चालू झालं. आधी एक खोकला, मग सगळ्या अंगाला कंप, मग जो सूर लागला तो लागला. ती क्षणभर दचकली आणि मग पोट धरून हसत सुटली. "सासूबाई उठल्या!" त्याची आई तेव्हा नुकतीच गेली होती. आई अशीच उठायची. पहाटे आधी एक खोकला, मग पलंगाची करकर, मग न्हाणीघरातली बादली, आणि तिथून घर जे हलायला लागायचं ते दिवस मावळेपर्यंत. दोघींचं बरं चाललं होतं असं कुणी म्हटलं नसतं. आईला सुनेच्या कशाच्याच कडा नीट वाटत नव्हत्या, भाकरीच्या नाहीत की चादरीच्या घड्यांच्याही नाहीत. आणि सून आईच्या पाठीमागे तिची नक्कल इतकी हुबेहूब करायची की एकदा आईनंच आतून 'ओ' दिली होती. पण शेवटच्या आजारपणात आईचे केस विंचरून द्यायची ती सूनच, आणि आई गेल्यावर त्या खोलीचं दार उघडं ठेवायचा हट्टही तिचाच. घरातला आवाज गेला म्हणून त्याला तेव्हा, खरं सांगायचं तर, थोडं मोकळं वाटलं होतं. दिवसभर तो आवाजांतच असायचा.

तो कानांच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करायचा. दोन दारांची, आतून स्पंजानं मढवलेली एक खोली, फोन बूथपेक्षा थोडी मोठी. आत खुर्ची, खुर्चीत माणूस, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर काचेआड तो. बारीक, मग अजून बारीक आवाज तो सोडायचा, आणि ऐकू आला की आतल्या माणसानं बटण दाबायचं. एवढंच काम. पण माणसं काहीच सोडलेलं नसतानाही बटण दाबतात, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्या खोलीत आवाज येत नाही हे सहन होत नाही, म्हणून ती तो तयार करतात. "ऐकू आल्यावरच दाबा हं," तो मायक्रोफोनमधून सांगायचा, गेली कित्येक वर्षं, त्याच न चढणाऱ्या स्वरात. संध्याकाळी घरी आला की त्याला काहीच ऐकायचं नसायचं. "दिवसभर कान वापरतात आणि घरी आले की खुंटीला टांगून ठेवतात," बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तो हसायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

सर्व्हिस सेंटरमधून तपासणीचा निकाल सांगायला फोन आला तेव्हा तो त्याच काचेमागे होता. सल्लागारानं सर्दीच्या नाकातून सगळं नीट सांगितलं. बॅटरी आतून थकली आहे. रोज तळापर्यंत वापरून रोज काठोकाठ भरली तर लवकर थकतेच. इंजिनातल्या ऑइलमध्ये पेट्रोल उतरलं आहे, कारण इंजिन कधी तापेपर्यंत चाललंच नाही. आणि इंजिन व मोटर यांना जोडणारा क्लच घसरतो आहे, हिसका त्याचाच. "ही गाडी दोघांनी मिळून ओढायची असते, सर," ती म्हणाली. "एकालाच राबवलं आणि दुसऱ्याला झोपवून ठेवलं की असं होतं. पेट्रोल तर टाकीत बसून शिळं झालंय. कशी चालवता तुम्ही?" "जपून," तो म्हणाला. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. बॅटरी, क्लच, मजुरी मिळून होणारा खर्च तिनं सांगितला. तो गाडीच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त होता, आणि हेही तिनंच, न विचारता, थोडं वाईट वाटून सांगितलं. "करा," तो म्हणणार होता. तोंडापर्यंत आलं होतं. काचेच्या आत एक म्हातारे गृहस्थ बटण दाबत होते, दाबत होते, आणि त्यानं तर अजून काहीच सोडलेलं नव्हतं. "मी येऊन सांगतो," तो म्हणाला.

शनिवारी दुपारी लेक आली, त्याला न विचारता, थेट सर्व्हिस सेंटरमध्येच. ती दातांची डॉक्टर. तिची आई तिच्याबद्दल म्हणायची, हिला लहानपणापासून सगळं उपटायचंच असतं, बागेतलं गवत काय नि भिंतीतला खिळा काय. जोडलेल्या खुर्च्यांपैकी त्याच्या शेजारच्या खुर्चीत ती बसली, पर्स मांडीवर घेतली आणि पेशंटशी बोलायचा तो बेताचा, गोड आवाज लावला. "बाबा, काढून टाका."

"दात आहे का तो?"

"दातच आहे. मुळापर्यंत किडलाय. त्याच्यावर सोन्याची टोपी कशाला बसवायची? तुमच्या जावयानं एक गाडी बघून ठेवलीय. लहान, साधी. पेट्रोलची."

"पेट्रोलची नको."

"का पण?"

"आवाज करते."

"अहो, सगळ्या जगाच्या गाड्या आवाज करतात! लोक काय कानात बोळे घालून हिंडतात? आणि तुम्हाला आता जायचंय कुठे, घर ते दवाखाना. त्यासाठी एवढा खर्च करून ती बॅटरी..." ती थांबली. मग गोड आवाज सोडून तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली, "आईची गाडी म्हणून ठेवायचीय का? तसं असेल तर तसं सांगा. मी एक शब्द बोलणार नाही."

हे तिला सांगणं अवघड होतं, कारण ते तसं नव्हतं आणि तसंच होतं. गाडी ठेवायची म्हणून ठेवायची असती तर ती कशीही चालली असती. त्याला हवी होती ती त्या गाडीतली शांतता. ती शांतता त्यानं स्वतःच्या पायानं, घोट्यापासून बोटांपर्यंत दुखून येईतो, तयार केली होती. बायकोचे उपचार सुरू झाले तो दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. वाटेत नदीवरचा पूल, पुलाचा लांब चढ. दुसऱ्या खेपेला परत येताना त्या चढावर इंजिन चालू झालं, गाडी थरथरली आणि ती पिशवीत ओकली. तोंड पुसत, पांढरीफटक पडलेली, ती तशातही हसून म्हणाली होती, "सासूबाई उठल्या." त्या दिवशी त्यानं ठरवलं की हे इंजिन पुन्हा उठणार नाही. बॅटरी पूर्ण भरली आणि पाय हलका ठेवला तर जाणं-येणं नेमकं त्यात बसत होतं. मग एसी बंद. थंडीच्या दिवसांत हीटर बंद, तिच्या गुडघ्यांवर शाल. रेडिओ बंद, रेडिओला बॅटरी लागते म्हणून नाही, तर इंजिन उठायच्या बेतात आलं की आधी एक बारीक सूर बदलतो, तो ऐकू यावा म्हणून. आठवड्यामागून आठवडे त्यानं गाडी अशी नेली आणि आणली. पुलाच्या चढावर तो श्वाससुद्धा धरून ठेवायचा. पलीकडे उतार लागला, की त्याला वाटायचं, आज एक गोष्ट तरी नीट झाली. डॉक्टरांच्या बोलण्यावर त्याचा काही ताबा नव्हता, रिपोर्टवर नव्हता, तिच्या उशीवर राहणाऱ्या केसांवर नव्हता. पण त्या दवाखान्यापासून घराच्या दारापर्यंत तिला कुणी हलवलं नव्हतं. हे तिला त्यानं दिलं होतं. ती गेल्यानंतर रात्री झोप न येता पडून असताना तो बाकी सगळ्यावरून हात फिरवून यायचा आणि शेवटी इथे येऊन टेकायचा. ही एक जागा मऊ होती.

"तुझ्या आईला त्रास व्हायचा," तो म्हणाला. "इंजिन उठलं की मळमळायचं तिला. म्हणून सवय लागली. आता तो आवाज नको वाटतो."

"इंजिनानं?"

"मग? मी बघितलंय ना."

"मळमळ औषधाची होती, बाबा." लेक त्याच्याकडे पाहत होती, पण अजून तिला काही कळलेलं नव्हतं. ती फक्त चूक दुरुस्त करत होती, लहानपणी त्याच्या तोंडातले पाढे दुरुस्त करायची तशी. "आणि इंजिन तर तिला आवडायचं. म्हणायची, सासूबाई उठल्या की बरं वाटतं गं, घरात कुणीतरी आहे असं वाटतं. नाहीतर त्या गाडीत बसलं की तुझ्या बाबांच्या तपासणीच्या खोलीत कोंडल्यासारखं होतं. कानात ते किर्र चालू, आणि..."

"कानात काय?"

लेकीनं मांडीवरची पर्स सरळ केली.

"कानात काय चालू?"

"किर्र," ती हळूच म्हणाली. "रातकिड्यासारखं. औषधानं सुरू झालं होतं. तिनं तुम्हाला सांगितलं नव्हतं? मला वाटलं, तुम्हाला तर आधी सांगितलं असेल. तुमचंच तर खातं ते."

काचेपलीकडे वर टांगलेली एक गाडी हळूहळू खाली येत होती. खाली उभ्या माणसानं दोन्ही हात वर धरले होते, गाडीला हात लागत नसतानाही. त्यानं ते पाहिलं. ते औषध कानांना बाधतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? उपचारांच्या आधी त्यानं स्वतःच तिला त्या खोलीत बसवून तपासलं होतं, दोन्ही दारं लावून. काचेतून तिनं त्याला हात केला होता. मग काही सोडलेलं नसताना बटण दाबलं होतं, पुन्हा दाबलं होतं, आणि तो मायक्रोफोनमधून म्हणाला होता, "ऐकू आल्यावरच दाब." ती म्हणाली होती, "येतंय की मला." पुढे मध्ये एकदा तपासू या म्हटल्यावर तिनं नको म्हटलं. त्या पेटीत नको आता, आधीच काय कमी नळ्या आहेत. त्यानं आग्रह केला नाही. त्याला तेव्हा तिचं ऐकणं ही तिच्या दुखण्यातली सगळ्यात लहान गोष्ट वाटली होती. आणि कानात आवाज येतो म्हणून येणाऱ्या प्रत्येक पेशंटला, रोज, तो काय सांगत आला होता? शांततेत बसू नका. पंखा लावून झोपा, खिडकी उघडी ठेवा, काहीतरी चालू असू द्या. शांततेत तो आवाज वाढतो. हे तो इतक्यांदा बोलला होता की त्या वाक्यांचा त्याच्याशी संबंध उरला नव्हता. औषध आधी बारीक, वरचे सूर खातं. मोटरचा तो बारीक सूर, जो ऐकण्यासाठी तो रेडिओ बंद ठेवायचा, तो तिला बहुधा ऐकूच येत नव्हता. खालचे, जाड आवाज तिच्यासाठी उरले होते. इंजिन उरलं होतं.

"मग सांगायचं नाही का मला," तो म्हणाला.

"मी म्हटलं तिला. म्हटलं, बाबांना सांग, इंजिनावर चालवतील, त्यात काय एवढं. तर म्हणाली, नको. इतकं जीव लावून चालवतात. तेवढंच त्यांच्या हातात उरलंय, करू दे." लेकीनं पर्सची चेन उघडली, लावली. "बाबा, मला माहीत नव्हतं हो. मला खरंच वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"असू दे," तो म्हणाला.

आणि मग, तिथेच, त्या जोडलेल्या खुर्चीत, त्याला पुलाचा चढ आठवला, पण आता दुसऱ्या बाजूनं. ती बोलायची तिथेच. घरातून निघताना गप्प असायची, वळणं संपेपर्यंत गप्प, आणि पुलाच्या तोंडाशी, जिथून नदी दिसायला लागते, तिथे काहीतरी सुरू करायची. "अहो, मला काय वाटतं..." आणि तो, पाय पेडलवर तोलून, नजर बॅटरीच्या काट्यावर ठेवून, म्हणायचा, "एक मिनिट हं. चढ आहे." ती थांबायची. चढ संपला की तो श्वास सोडून म्हणायचा, "हं, काय म्हणत होतीस?" ती म्हणायची, "काही नाही." एकदा नाही. जवळजवळ दर खेपेला. त्याला ते कधी वेगळं जाणवलं नव्हतं, कारण पुलापलीकडे पोचल्यावर तो खूश असायचा. आता त्याला दिसत होतं की ती दर खेपेला पुन्हा नव्यानं, त्याच जागी, सुरुवात करून बघत होती. कदाचित तिला वाटत असेल की आज चढावर इंजिन उठेल, आवाज होईल, आणि त्या आवाजाच्या आडून जे बोलायचं ते बोलता येईल. काही गोष्टी संपूर्ण शांततेत बोलता येत नाहीत. घरात त्याची आई असताना ती दोघं सगळं बोलायची, बादलीच्या आणि खोकल्याच्या आवाजाखाली, हळू, भराभर. पोरीचं शिक्षण, घराचं कर्ज, कुणाचं काय चुकलं, सगळं. आई गेली, लेक लग्न होऊन गेली, घर शांत झालं, आणि बोलणं कधी कमी झालं ते त्याला कळलं नाही, त्याला तर कान खुंटीला टांगायला जागा मिळाली होती. मग त्यानं तिला गाडीतही शांतता दिली. उत्तम प्रतीची, कुठे एक चरा नसलेली.

सल्लागारानं नाव पुकारलं. काउंटरवर ती खर्चाचा कागद फिरवून त्याच्यासमोर धरून उभी होती, बोटांत पेन. "काय ठरलं, सर? बॅटरी मागवायची का? यायलाच दोन-तीन आठवडे जातील."

"नाही मागवली तर?"

"तर आता जशी आहे तशी. म्हणजे बॅटरीवर ती चालणारच नाही. इंजिन सतत चालू राहील, सिग्नललासुद्धा. आम्ही ऑइल बदललंय, ताजं पेट्रोल घातलंय. हिसका मात्र बसत राहील, आणि किती दिवस चालेल ते मी नाही सांगू शकत. मोठ्या प्रवासाला नेऊ नका." तिनं नाक पुसलं. "खरं तर, सर, कुणीही तुम्हाला विकाच म्हणेल."

लेक त्याच्या कोपराशी उभी होती. त्याला जाणवलं की तो आत्ता जे म्हणेल ते ती मान्य करणार आहे, बॅटरी म्हटलं तर बॅटरी, आणि कदाचित पैसेही स्वतःच द्यायला निघेल. "बॅटरी नको," तो म्हणाला. "अशीच द्या."

पार्किंगमध्ये लेक म्हणाली, तिची गाडी जावयानं नेली आहे, तिला घरी सोडाल का. हे खरं होतं की नाही ते त्यानं विचारलं नाही. त्यानं गाडी चालू करायचं बटण दाबलं, आणि लगेच, काही वाट न बघता, इंजिन खोकलं, गाडीला कंप सुटला आणि सूर लागला. दोघंही दचकली. पहिल्याच वळणावर हिसका बसला. त्याचा हात पुन्हा बाजूला आडवा झाला, आणि या वेळी तिथे लेक होती. तिनं तो हात क्षणभर धरला आणि परत स्टिअरिंगवर ठेवून दिला. रस्ता नेहमीचाच होता, दुकानं, बँकेची काच, झेब्रा क्रॉसिंगवर घोळका, सिग्नल. सिग्नलला इंजिन चालूच राहिलं. त्याच्या पायाला काही काम नव्हतं. काट्याकडे बघायची गरज नव्हती. जपायचं असं काही उरलंच नव्हतं, आणि जपायला काही नसलेल्या माणसासारखा तो हातपाय कुठे ठेवावेत हे न कळून बसला होता. आरशात त्याला स्वतःचे डोळे थरथरताना दिसले. आरसा थरथरत होता.

लेकीच्या इमारतीखाली त्यानं गाडी उभी केली. वरच्या कुठल्याशा गॅलरीत कपडे वाळत होते, एक बाई ते काढता काढता या खोकणाऱ्या गाडीकडे वाकून बघत होती. लेकीनं पट्टा सोडला, पण उतरली नाही. पर्स मांडीवर, बोटं चेनवर. तपासणीच्या खोलीत तो रोज सांगायचा, आधी आजूबाजूचा आवाज बंद करा, मगच समोरचा नीट ऐकू येतो. त्यानं बंद करायच्या बटणाकडे पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवला.

"अजून काय म्हणायची?" त्यानं विचारलं.

"कोण? आई?"

"हं. गाडीत. माझ्याबद्दल."

लेकीला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून डोळे भरून आले. "म्हणायची, तुझे बाबा इतकी हळू चालवतात की सायकलवाले पुढे जातात, मागचे लोक शिव्या घालतात. मी म्हटलं, अगं, मग सांग ना त्यांना, जरा जोरात घ्या म्हणून. तर म्हणाली, नको." ती थांबली, इंजिनाचा सूर चढला होता, तो उतरेपर्यंत. तो तिच्याकडे कलला. "म्हणाली, त्यांना दवाखाना यायलाच नको असतो."

असं काही त्याच्या मनात कधी नव्हतं. तो बॅटरीचा विचार करत होता, चढाचा, काट्याचा. दवाखान्याच्या फाटकाशी पोचल्यावर किती चार्जिंग उरलं ते बघून त्याला बरं वाटायचं. पोचायचंच होतं त्याला, दर खेपेला, वेळेवर, न हलवता. हे लेकीला सांगायला हवं, तिच्या आईचा गैरसमज होता म्हणून. त्यानं तोंड उघडलं. मग आठवलं, बाजूच्या सीटवर बायको डोळे मिटून बसलेली, शाल हनुवटीपर्यंत, आणि पुढे फाटक, फाटकातून आत घेतलेलं स्ट्रेचर, आणि त्याचा पाय, हलका, अजून हलका.

"हो," तो म्हणाला. "यायलाच नको असायचा."

इंजिनाच्या आवाजात ते त्याचं त्यालाच नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.